आठ ग्लासांचा हिशेब आणि मे महिन्यातलं वावर

रोज आठ ग्लास पाणी प्यावं, हा सल्ला आता विदर्भातल्या खेड्यापाड्यांतही पोचला आहे. शाळेच्या भिंतीवर तो रंगवलेला असतो, व्हॉट्सॲपवर सुप्रभातच्या फुलांसोबत येतो. गंमत अशी की वावरात ग्लास कोणीच नेत नाही. तिथे पाणी प्यायचं ते कॅनच्या झाकणाने, तांब्याने, नाहीतर बाटली वर धरून घटाघटा. तरी सल्ला ग्लासांचाच. आणि जानेवारीत दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला जो आकडा, तोच मे महिन्यात रोहयोच्या खोदकामावर गेलेल्या बाईला. पहिल्याला तो जास्त होतो. दुसरीला इतका कमी पडतो, की त्यावर विसंबली तर ऊन लागून खाट धरायची पाळी येईल.

या आठाचं मूळ बहुधा १९४५ सालचं आहे. अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने तेव्हा सांगितलं, की प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं, म्हणजे आहारातल्या एका कॅलरीमागे एक मिलिलिटर. लगेच पुढे असंही लिहिलं होतं, की यातलं बहुतेक पाणी अन्नातच असतं. पहिलं वाक्य जगभर फिरलं, दुसरं कागदावरच राहिलं. पुढे २००२ मध्ये मूत्रपिंडाचे अभ्यासक हाइन्झ व्हाल्टिन यांनी आठ ग्लासांमागचा पुरावा शोधायचा म्हणून जुनं सगळं संशोधन चाळलं. बेताच्या हवामानात राहणाऱ्या, बैठं काम करणाऱ्या निरोगी माणसाने मोजून आठ ग्लास प्यावेत, याला त्यांना आधार सापडला नाही.

अन्नातलं पाणी आपण धरतच नाही. शिजलेल्या भातात वजनाच्या सुमारे सत्तर टक्के पाणी असतं, ताकात नव्वदच्या वर, टरबुजात ब्याण्णवच्या आसपास, संत्र्यात सत्त्याऐंशी. कोरडी वाटणारी पोळीसुद्धा तिसरा हिस्सा पाणीच असते. वरण, कढी, आंबील, पन्हं हे तर उघड पाणी. चहाही हिशेबात येतो. चहाने उलट पाणी जास्त जातं असं बरेच जण सांगतात, पण रोजच्या दोन-चार कपांनी तसं काही होत नाही. शिवाय अन्न जळताना शरीर स्वतःही दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी तयार करतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. २३ देशांतली ५,६०४ माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून ९६ वर्षांच्या वृद्धापर्यंत. त्यांना जड हायड्रोजन असलेलं थोडं पाणी पाजलं आणि ते शरीरातून किती दिवसांत निघून जातं ते मोजलं. विशी-तिशीतल्या पुरुषांच्या शरीरातून दिवसाला सरासरी सव्वाचार लिटरच्या आसपास पाणी ये-जा करतं, बायकांच्या सव्वातीन लिटरच्या आसपास. त्यातलं अन्नातलं, शरीराने बनवलेलं आणि हवेतून आलेलं वजा केलं, तर बहुतेकांना पिण्यासाठी दीड ते पावणेदोन लिटर पुरतं असं संशोधकांचं म्हणणं. पण माझ्या मते त्या अभ्यासातली खरी बातमी वेगळीच आहे. माणसामाणसांतला फरक प्रचंड निघाला. उष्ण आणि दमट प्रदेशात राहणाऱ्यांची, अंगमेहनतीवर जगणाऱ्यांची, शेतकऱ्यांची गरज कितीतरी जास्त. सरासरी ऑफिसातल्या माणसाच्या कामाची. धुऱ्यावर उभ्या असलेल्याला ती काही सांगत नाही.

साध्या दिवशी हे मोजायची गरजही नसते. रक्तात मीठ आणि पाणी यांचं प्रमाण एक-दोन टक्क्यांनी जरी बदललं, तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला ते कळतं. तो आधी व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडायला लावतो आणि मूत्रपिंडं पाणी राखू लागतात. ही मूत्रपिंडं दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला एक-दोन लिटर सोडून सगळा परत रक्तात घेतात. पाणी कमी असेल तर अर्ध्या लिटर लघवीतही दिवसभराचा कचरा बाहेर टाकतात, मग ती गडद पिवळी दिसते. एवढ्यानेही भागलं नाही तर तहान लागते. तहान लागली म्हणजे उशीर झाला, हा सल्ला म्हणूनच सावलीत बसलेल्या निरोगी माणसाला लागू पडत नाही.

मे महिन्यात मात्र ही यंत्रणा तोकडी पडते.

नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढा नेहमी जात नसला, तरी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चंद्रपूर, अकोला, वर्धा या भागांत पंचेचाळीस काही नवलाचं नाही. आपल्या कातडीचं तापमान असतं पस्तीस अंशांच्या आसपास. हवा कातडीपेक्षा गरम झाली की वारासुद्धा अंगाला उष्णताच देतो; गरम झळ लागते ती हीच. मग अंग थंड करायचा एकच मार्ग उरतो, घाम वाळणं. एक लिटर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठ याच नियमाने गार होतो, आणि पावसाळ्यात हवा ओली झाली की दोघांचंही काम मंदावतं. जूनच्या पहिल्या पावसानंतर घाम नुसता ठिबकतो. ठिबकलेला घाम अंग थंड करत नाही, पाणी तेवढं वाया जातं.

मेच्या कोरड्या उन्हात धोका उलटा. घाम निघताक्षणी वाळतो, त्यामुळे आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. “घाम तं आला नाही फारसा” असं म्हणणाऱ्या गड्याच्या सदऱ्याची पाठ पाहावी. दुपारपर्यंत तिच्यावर मिठाच्या पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा उमटलेल्या असतात, एकीच्या बाहेर दुसरी. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. एका लिटरमागे एक ते तीन ग्रॅम मीठही जातं. उन्हाची सवय झालेल्याचं कमी, नुकत्याच कामावर आलेल्याचं जास्त. ही सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पुण्या-मुंबईहून सुट्टीत आलेला पोरगा पहिल्याच दिवशी बापाच्या बरोबरीने कुदळ चालवायला गेला, तर त्याच्याकडे जास्त लक्ष हवं.

आपलं पाणी किती जातं ते गावातल्या कापसाच्या काट्यावर मोजता येतं. समजा कामाला निघताना वजन ५८ किलो भरलं. दुपारी अंग पुसून त्याच कपड्यांत पुन्हा काट्यावर उभं राहिलं तर ५६.८. मधल्या वेळात तीन लिटर पाणी पोटात गेलं होतं, लघवी झाली नाही, खाणं काही नाही. म्हणजे घाम गेला ४.२ लिटर आणि अंगात १.२ लिटरची तूट राहिली. ही तूट वजनाच्या दोन टक्के होते. एवढ्या तुटीलाच कामाचा वेग पडतो, डोकं जड होतं, माणूस चिडचिड करतो.

तीन लिटर पिऊनही तूट का राहावी? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडवर्ड ॲडॉल्फ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर याचा अभ्यास केला. पाणी समोर भरपूर असायचं, तरी घामाने गेलं तेवढं सैनिक पीत नसत. तूट राहायची आणि बरीचशी जेवणाच्या वेळी भरून निघायची. कारण असं, की पाणी घशाखाली उतरून पोटात पडलं की मेंदू तहान लगेच बंद करतो. ते रक्तात पोचायला मात्र वेळ लागतो. शिवाय घामातून गेलेलं मीठ परत आल्याशिवाय प्यायलेलं पाणी अंगात टिकत नाही, लघवीवाटे निघून जातं. बाभळीच्या सावलीत बसून भाकरीसोबत ठेचा, लोणचं, मीठ घातलेलं ताक घेतलं जातं, तेव्हा ही दोन्ही कामं होतात. उन्हात जेवण जात नाही म्हणून दुपारचा डबा तसाच परत नेणारा मजूर नुसत्या पाण्यावर ही तूट भरू शकत नाही.

म्हणून उन्हातल्या कामात तहानेची वाट न पाहता घड्याळाकडे पाहून प्यावं. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकेची नायॉश ही संस्था दर पंधरा-वीस मिनिटांनी पाव लिटरच्या आतबाहेर पाणी सांगते. तीच संस्था वरची मर्यादाही घालते, तासाला सुमारे १.४ लिटरच्या पुढे जाऊ नका. मूत्रपिंडं तासाला लिटरभरापेक्षा जास्त पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. घाम आणि लघवी मिळून जातं त्याहून जास्त नुसतं पाणी ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, भ्रम, शेवटी झटके. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी तेरा टक्क्यांचं सोडियम असं उतरलेलं निघालं, आणि शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं त्यांना हा धोका जास्त होता. वावरात हा प्रकार क्वचितच होतो, पण पैजेवर तांब्यामागून तांब्या रिचवणाऱ्यांना ठाऊक असलेला बरा.

बायांची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट आहे. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी आणि तूर उभी असते, आडोसा मिळतो. मे महिन्यात धसकटं वेचायला गेलेल्या बाईला बांधापासून बांधापर्यंत सपाट वावर, एक झुडूप नाही. मग ती घरून निघतानाच पाणी कमी पिते आणि संध्याकाळी परत येईपर्यंत तसंच धकवते. याची किंमत उन्हाच्या त्रासावर थांबत नाही. वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होणाऱ्या आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या १४० बायकांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त दिलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा लघवीच्या जळजळीचा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. वावरातल्या बायांना नुसतं “पाणी प्या” सांगून काय होणार? कामाच्या जागी चार बांबू आणि एक जुनी ताडपत्री उभी केली तर त्या आपसूक पितील.

मुतखडा होऊन गेलेल्यांनाही तहानेवर सोडून चालत नाही. इटलीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिला खडा होऊन गेलेल्या १९९ जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी बारा टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांपैकी सत्तावीस टक्क्यांना. खडा होऊन गेलेल्यांनी दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यावं असं डॉक्टर सांगतात. उन्हाळ्यात त्यासाठी प्यायचं पाणी कितीतरी वाढवावं लागतं. याउलट हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना डॉक्टर पाणी मोजून देतात. त्यांनी तोच आकडा पाळायचा.

म्हाताऱ्यांची तहान बोथट झालेली असते. त्यात रात्री उठावं लागू नये म्हणून ते पाणी आणखी तोडतात. आजीला “पाणी पाहिजे का?” विचारलं तर “नको” म्हणेल, तांब्या हातात दिला तर पिईल. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र हीच आजी चमच्याने पाणी पाजायला पुढे असते, घशाला कोरड पडली असेल म्हणून. पहिले सहा महिने त्याची गरज नाही, मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं. वरच्या पाण्याने इवलंसं पोट भरतं, दूध कमी जातं आणि हगवणीचे जंतू मिळतात ते वेगळे. पाणी जास्त हवं ते आईला, रोज अर्धा-पाऊण लिटर तरी.

इथवर पाणी म्हणजे चांगलं पाणी असं धरून चाललो. विदर्भात ते धरता येत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी मचूळ लागतं. ते रक्तापेक्षा पातळच असतं, त्यामुळे समुद्राच्या पाण्यासारखं अंगातलं पाणी ओढून घेत नाही. पण दिवसाला चार-पाच लिटर प्यायलं की मिठाची भर पडत जाते. रक्तदाब असणाऱ्याने ती जेवणातल्या मिठाइतकीच मनावर घ्यावी.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड आहे, आणि तिथे पाणी किती पितो हा प्रश्नच अंगावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो, असं धरून ती बेतली आहे. म्हणजे तीन मिलिग्रॅम. दिवसाला एकूण सहा मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड पोटात जात राहिलं तर हाडांवर परिणाम होण्याची शक्यता वाढते, असं हीच संघटना सांगते. आता कुदळ चालवणारा गडी त्याच १.५ च्या हापशीचं पाणी दिवसाला पाच लिटर पितो. साडेसात मिलिग्रॅम झाले, आणि पाणी मर्यादेत! जास्त पाणी पिणाऱ्या गरम प्रदेशांनी आपली मर्यादा खाली ठेवावी, असं संघटनाच म्हणते. भारतीय मानकात ती १ आहे, पण दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात, आणि उन्हाळ्यात विहिरी आटल्या की नेमका दुसरा स्रोत नसतो.

म्हणून मे महिन्यासाठी पाणी भरायचं ते कुठल्या हापशीचं, हे आधी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारावं आणि नमुना तपासून आणायला लावावा. घरी उकळून उपयोग नाही. जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात ते जास्त दाट होतं.