माग थांबल्यावर वाजणारा कान

विट्यात यंत्रमागावर तीस वर्षे काढलेल्या माझ्या परिचयाच्या एका विणकराला, रात्री माग थांबून घरात निजानीज झाली, की दोन्ही कानांत रातकिड्यांसारखी अखंड किर्रकिर्र ऐकू येते. शेजारी झोपलेल्या पत्नीला ती ऐकू येत नाही, म्हणून घरच्यांनी कित्येक वर्षे तिची गणना मनाच्या खेळात केली. हे लक्षण खरे आहे. वैद्यकात त्याला टिनिटस म्हणतात; सुश्रुतसंहितेतील कर्णरोगांतही ‘कर्णनाद’ आढळतो.

अंतर्कर्णातील शंखाकृती कॉक्लियात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. ध्वनिलहरींनी त्यांचे सूक्ष्म रोम वाकतात आणि त्यातून उमटणारे संकेत श्रवणचेतेमार्फत मेंदूत पोहोचतात. गोंगाटाने किंवा वयोमानाने मेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत, आणि सहसा उंच पट्टीचे स्वर टिपणाऱ्या पेशी आधी जातात. त्या पट्टीचे संकेत येईनासे झाले, की मेंदूतील श्रवणकेंद्रे स्वतःची संवेदनशीलता वाढवतात आणि एरवी दबून राहणारी चेतापेशींची हालचालच ध्वनी म्हणून जाणवू लागते, असे आज बहुतेक संशोधक मानतात. म्हणूनच कान तपासून ‘आत काही नाही’ असे ऐकावे लागले, तरी रुग्णाचा त्रास खोटा ठरत नाही.

शांततेचाही यात वाटा असतो. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी श्रवणशक्ती उत्तम असलेल्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांतील ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला.

कानात साचलेला मळ, ॲस्पिरिनची मोठी मात्रा, जेंटामायसिनसारखी औषधे हीदेखील कारणे असतात. परंतु आपल्या भागात मला अधिक काळजी वाटते ती गोंगाटाची. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो असे धरले, तर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरतात. विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे खांद्यावर मूल घेऊन तासन्‌तास उभे राहणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा अचानक ऐकू येणे कमी झाले असेल, तर विनाविलंब कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. कर्णनाद हमखास थांबवणारी गोळी नाही. श्रवणयंत्र, समुपदेशन आणि मंद पार्श्वध्वनी यांनी त्याची तीव्रता सुसह्य होते. आमचे विणकर आता दिवसा यंत्र लावतात आणि रात्री, थंडीतही, पंखा एकवर ठेवून झोपतात.