महासाथीच्या काळातील दूरस्थ डिजिटल पॅथॉलॉजी

रुग्णाच्या ऊतकाची काचेची स्लाइड स्कॅनरवर चढवून तिची संपूर्ण डिजिटल प्रतिमा घेणे, आणि प्रयोगशाळेबाहेर, बहुधा घरी बसलेल्या पॅथॉलॉजिस्टने ती पडद्यावर पाहून निदानाचा अहवाल देणे, या कार्यपद्धतीला दूरस्थ डिजिटल पॅथॉलॉजी म्हणतात. कोविड-19च्या महासाथीत, 2020च्या वसंतात, अनेक रुग्णालयांनी ती घाईने स्वीकारली. बायोप्सीचे निदान लांबले की उपचारही लांबतात, त्यामुळे काम थांबवणे शक्य नव्हते. दुसरीकडे, एकाच स्लाइडवर चर्चा करण्यासाठी चार-सहा जणांनी अनेक नेत्रिकांच्या सूक्ष्मदर्शकाभोवती खांद्याला खांदा लावून बसायचे, ही या शाखेची जुनी रीत एकाएकी धोक्याची झाली होती.

हे तंत्र मात्र महासाथीत जन्मलेले नाही. 1968 मध्येच बॉस्टनमधील लोगन विमानतळावरच्या वैद्यकीय केंद्रातून मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलकडे रक्ताच्या स्लाइडची कृष्णधवल चित्रे दूरचित्रवाणी जोडणीवरून पाठवण्यात आली होती. ‘टेलिपॅथॉलॉजी’ हा शब्द रॉबर्ट वाइनस्टाइन यांनी 1986 मध्ये रूढ केला. 1980च्या दशकाच्या अखेरीस उत्तर नॉर्वेतील छोट्या रुग्णालयांना ट्रोम्सोहून फ्रोझन सेक्शनचे, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून कापलेल्या ऊतकाचे, निदान मिळू लागले. रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर असताना पॅथॉलॉजिस्ट शेकडो किलोमीटर दूर बसून उत्तर देत असे. संपूर्ण स्लाइड स्कॅन करणारी यंत्रे नंतर आली. त्यांतल्या एका प्रणालीला प्राथमिक निदानासाठी अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणे यांची नियामक संस्था) पहिली परवानगी दिली ती एप्रिल 2017 मध्ये. इंग्लंडमधील लीड्स येथे 2018 पासून सगळ्या हिस्टॉलॉजी (ऊतकांच्या) स्लाइड स्कॅन होऊ लागल्या.

मग इतकी वर्षे बहुतेक प्रयोगशाळा काचेवरच का राहिल्या? यामागे पॅथॉलॉजिस्टचा जुनाट स्वभाव होता असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. एक्स-रे डिजिटल झाला तेव्हा फिल्म आणि ती धुण्याचा खर्च दोन्ही वाचले. पॅथॉलॉजीत तसे काही वाचत नाही. ऊतक फॉर्मालिनमध्ये ठेवणे, पॅराफिनचा ब्लॉक बनवणे, मायक्रोटोमवर तीन ते पाच मायक्रॉनचे काप घेणे, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवणे हे सगळे करावेच लागते, आणि स्कॅनिंग ही त्यावर आणखी एक पायरी होते. स्कॅनर, साठवणूक, जादा मनुष्यबळ यांचा खर्च वरचा. महासाथीआधी या खर्चाच्या बदल्यात काय मिळते, हे व्यवस्थापनाला पटवून देणे अवघड होते.

दुसरा अडसर नियमांचा होता. अमेरिकेत ‘क्लिया’ या प्रयोगशाळा कायद्यान्वये अहवाल प्रमाणित जागेतूनच अंतिम करावा लागे. पॅथॉलॉजिस्टचे घर अशी जागा नव्हती. 26 मार्च 2020 रोजी सीएमएस या केंद्रीय यंत्रणेने कळवले की, मूळ प्रयोगशाळा प्रमाणित असेल आणि इतर अटी पाळल्या जात असतील तर घरासाठी वेगळे प्रमाणपत्र मागितले जाणार नाही. पुढच्याच महिन्यात एफडीएने आणीबाणीपुरते दूरस्थ डिजिटल पॅथॉलॉजीच्या उपकरणांबाबतचे धोरण शिथिल केले. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सनेही घरून अहवाल देण्याविषयी मार्गदर्शन काढले. ज्यांच्याकडे स्कॅनर आधीपासून होते त्यांना या सवलतींचा फायदा लगेच घेता आला. ज्यांच्याकडे नव्हते त्यांना नेत्रिकेवर मोबाइल धरून काढलेली छायाचित्रे, किंवा सूक्ष्मदर्शकावरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्रण यांवर वेळ निभवावी लागली. दुसऱ्याचे मत घेण्यापुरते ते चालते. पण त्यात कोणता भाग दाखवायचा हे स्लाइड हलवणारा ठरवतो, आणि पाहणाऱ्याला न दाखवलेल्या कोपऱ्यात काय होते ते कळत नाही. संपूर्ण स्लाइडच्या प्रतिमेचे मोल इथे आहे.

ही प्रतिमा किती मोठी असते ते हिशेबाने पाहू. चाळीस पटींच्या स्कॅनिंगला एक पिक्सेल साधारण पाव मायक्रॉनचा धरतात. पंधरा मिलिमीटर लांब-रुंद ऊतकाची प्रतिमा त्यामुळे 60,000 गुणिले 60,000, म्हणजे 360 कोटी पिक्सेलची होते. न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवली तर तिला दहा गिगाबाइटहून अधिक जागा लागेल. दाबून ती एक-दोन गिगाबाइटवर येते. एवढी फाइल घरच्या इंटरनेटवरून उतरवून घेत बसले तर दिवसभरात फारच थोड्या केसेस होतील. म्हणून प्रतिमा पिरॅमिडसारखी साठवतात: तळाशी पूर्ण बारकावा, वर क्रमाने लहान होत गेलेल्या प्रती, आणि प्रत्येक थराचे चौकोनी तुकडे. पाहणारा जिथे असेल तिथलेच तुकडे सर्व्हर पाठवतो. आधी संपूर्ण ऊतकाचा गुलाबी-जांभळा नकाशा दिसतो. एका ग्रंथीवर झूम केले की क्षणभर धूसर चौकोन येतात आणि मग पेशींची केंद्रके स्पष्ट होतात. सुमारे सात मायक्रॉनची रक्तातली तांबडी पेशी पडद्यावर तिथे अठ्ठावीस पिक्सेल रुंद भरते.

घरच्या साध्या पडद्यावर केलेले निदान भरवशाचे असते का, हा कळीचा प्रश्न. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरने 2020 मध्येच त्याचे उत्तर शोधले. नऊ उपशाखांतल्या 12 पॅथॉलॉजिस्टनी व्हीपीएन या सुरक्षित खासगी इंटरनेट जोडणीवरून 108 केसेस, म्हणजे 1,196 स्लाइड, घरून पाहिल्या. नंतर त्याच काचेवर पुन्हा पाहिल्या. पडदे 13.3 इंची लॅपटॉपपासून 42 इंचांपर्यंत, सगळे बाजारात मिळणारे. या केसेसच्या 254 नमुन्यांपैकी 251 मध्ये दोन्ही निष्कर्ष जुळले आणि रुग्णाच्या निदानात मोठा फरक एकाही ठिकाणी निघाला नाही. एका संस्थेचा, आधीच पूर्ण डिजिटल झालेल्या विभागाचा हा अनुभव आहे, हे विसरता कामा नये. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सच्या 2013च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतः कमीत कमी 60 केसेस तपासायच्या असतात, आणि काच व पडदा यांच्या वाचनात किमान दोन आठवडे जाऊ द्यायचे असतात, म्हणजे आधीच्या उत्तराची आठवण नव्या वाचनात डोकावत नाही.

काही ठिकाणी पडदा अजून कमी पडतो. सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू फिरवून पेशीच्या वर-खाली जाता येते. एकाच पातळीवर घेतलेल्या स्कॅनमध्ये ते जमत नाही. पेशींचे जाड पुंजके असलेल्या सायटॉलॉजीत (सुट्या पेशींच्या तपासणीत) ही उणीव जाणवते. हेलिकोबॅक्टरसारखे जिवाणू, विभाजन पावणाऱ्या पेशींची मोजणी, डिसप्लेसियाची (पेशींच्या कर्करोगपूर्व बदलांची) श्रेणी, लसिकाग्रंथीतील सूक्ष्म कर्कपेशी इथे पॅथॉलॉजिस्ट अधिक सावध राहतात आणि गरज पडल्यास काच मागवतात. ॲमिलॉइड या ऊतकात साचणाऱ्या प्रथिनासाठी लागणारे ध्रुवित प्रकाशाचे निरीक्षण नेहमीच्या स्कॅनवर होत नाही. सर्वांत फसवी चूक वेगळीच असते: फिकट रंगलेला चरबीचा तुकडा स्कॅनरला ऊतक म्हणून ओळखूच येत नाही, आणि तो प्रतिमेतून गळतो. पडद्यावर त्याची रिकामी जागाही दिसत नाही. म्हणून स्लाइडच्या छोट्या आढावा-चित्राशी स्कॅन ताडून पाहणे हा कामाचा भाग आहे.

‘घरून पॅथॉलॉजी’ या शब्दप्रयोगात एक अन्याय दडला आहे. घरी हलला तो साखळीचा शेवटचा दुवाच. नमुना स्वीकारणे, ग्रॉसिंग (नमुना उघड्या डोळ्यांनी पाहून त्याचे तुकडे निवडणे), ब्लॉक, काप, रंग हे प्रत्यक्ष हातांचे काम आहे, आणि ते करणारे तंत्रज्ञ महासाथीच्या ऐन भरातही प्रयोगशाळेत येत राहिले. स्कॅनिंगने त्यांचे काम वाढवले: काचेवरचे पेनाचे ठिपके पुसायचे, कव्हरस्लिपबाहेर आलेला चिकट द्रव वाळू द्यायचा, कापाला सुरकुती नको, खाली बुडबुडा नको, बारकोड वाचता यायला हवा. डोळा ज्या दोषाकडे सहज काणाडोळा करतो त्यावर यंत्राचा फोकस अडकतो. ज्या प्रयोगशाळांनी हे आधी नीट बसवले होते त्यांचेच पॅथॉलॉजिस्ट घरी निर्धास्त काम करू शकले.

अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्य आणीबाणी 11 मे 2023 रोजी संपली. प्रयोगशाळेबाहेरून स्लाइड पाहण्याची सवलत मात्र सीएमएसने पुढेही चालू ठेवली.