घरच्या सर्व्हरला पत्ता मिळेना

जगातली पहिली वेबसाइट डेटा सेंटरमध्ये नव्हती. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट कंप्यूटरवर ती चालायची. कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर 'हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका' अशा अर्थाची चिठ्ठी डकवली होती. आज रास्पबेरी पाय नावाचं तळहाताएवढं कंप्यूटर दहा वॅटसुद्धा वीज न खाता लहानशी वेबसाइट आरामात चालवतं. तरी घरून साइट चालवायला बसलं की घोडं अडतं, आणि ते बहुतेकदा पत्त्यापाशी.

इंटरनेटवर यंत्र सापडायला त्याला आकडी पत्ता, म्हणजे आयपी, लागतो. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे जेमतेम ४२९ कोटी. जागतिक वाटपाचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. मग इंटरनेट कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवू लागल्या. याला सीजीनॅट म्हणतात. तुम्ही एखादं पान मागवलंत की कंपनीचं यंत्र कुठल्या घरानं ते मागितलं याची नोंद करतं आणि आलेलं उत्तर त्याच घरी धाडतं. व्हिडिओ बघणाऱ्याला यातलं काही जाणवतही नाही. सर्व्हरचं मात्र उलटं असतं. तिथे पहिली हाक बाहेरून येते, तिची नोंद कुठेच नसते, म्हणून ती वाटेतच टाकून दिली जाते. मग घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली हाक घरातल्या ठराविक यंत्राकडे वळवणं) कितीही नीट करा, उपयोग शून्य.

राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी, म्हणजे कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. ही पट्टी २०१२ साली खास याच कामासाठी राखली गेली.

जादा पैसे भरून स्थिर पत्ता मिळतो, पण सगळ्याच कंपन्या तो देत नाहीत. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नाही आणि भारतात तो बऱ्यापैकी पसरलाय. मात्र ज्याच्याकडे तो नाही, त्याला तुमची साइट दिसणार नाही. मला टनेल बरा वाटतो. त्यात घरातलं यंत्र स्वतःच बाहेरच्या, दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरशी जोडणी उघडून ठेवतं. पहिली हाक आतून गेल्यामुळे सीजीनॅट मुकाट वाट देतं, आणि साइट बघायला येणारे त्याच वाटेनं आत येतात. घरचा पत्ताही जगजाहीर होत नाही. अर्थात सगळी वर्दळ त्या तिसऱ्याच्या हातून जाते, हे पटत असेल तरच.

वीज गेल्यावर राउटर आणि फायबरचा डबाही चालू राहायला हवा. यूपीएस घेताना तेच विसरतं. आणि साइट सुरू झाली की लॉग, म्हणजे कोण येऊन गेलं याची नोंद, उघडून बघाच. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं लॉगिन पान शोधणारे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, लवकरच हजेरी लावतात, तुमच्याकडे वर्डप्रेस असो वा नसो.