चेतातंतूंची इजा

मेंदू व मज्जारज्जू यांना स्नायूंशी आणि त्वचेशी जोडणाऱ्या चेतातंतूंना वार, ताण किंवा दाब यांमुळे होणारी इजा. कोकणात तिला ‘शीर तुटली’ म्हणतात. रक्तवाहिनी, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि चेतातंतू या तिन्हींना ‘शीर’ हा एकच शब्द असल्याने रक्त थांबले, टाके भरले की सगळे बरे झाले असे वाटते. तंतू मात्र आत तुटलेलाच राहिलेला असू शकतो.

आडाळ्यावर (विळीवर) मासळी कापताना, सुळ्यावर नारळ सोलताना किंवा कोयती निसटून मनगट कापले जाते, तेव्हा जखम बोटभरच दिसते. आंब्याच्या हंगामात झाडावरून पडणाऱ्याची मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला, तर हाताकडे जाणाऱ्या तंतूंचे जाळे ताणते, प्रसंगी मज्जारज्जूपासूनच उपटले जाते. मोटरसायकलच्या अपघातातही हेच घडते. सर्पदंशानंतर करकचून बांधलेली दोरी तंतू चिरडते. ती बांधूच नये. कुल्ल्यावर चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनने पाऊल लुळे पडू शकते. कुष्ठरोगात कोपरामागचा तंतू जाड व दुखरा होतो, तिथे मूळ रोगावर वेळेत औषध हाच उपाय.

तपासणी बधिरतेचे इंजेक्शन देण्यापूर्वी झाली पाहिजे, कारण नंतर काहीच कळत नाही. करंगळीच्या टोकाला स्पर्श कळत नसेल, बोटे फाकवता येत नसतील, तर हाताच्या तीन मुख्य तंतूंपैकी करंगळीकडचा दुखावला आहे असे समजावे. तर्जनीचे टोक बधिर असेल आणि अंगठा तळहातापासून वर उचलता येत नसेल, तर मधला. मनगट लोंबत असेल, तर दंडामागून येणारा तिसरा. मुलाला स्पर्श सांगता येत नसेल, तर त्याचा हात थोडा वेळ कोमट पाण्यात धरावा. लावणीच्या चिखलपाण्यात बोटे सुरकुततात हे कोकणात कुणालाही ठाऊक आहे. तंतू तुटलेले बोट मात्र गुळगुळीतच राहते. तिथे घामही येत नाही.

ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी 1943 मध्ये या इजेचे तीन प्रकार केले. पहिल्यात तंतू फक्त काही काळ मुका होतो आणि बहुधा तीन महिन्यांच्या आत पूर्ववत होतो. दुसऱ्यात आतले धागे तुटतात, पण वेष्टण शाबूत असल्याने ते पुन्हा वाढतात. तिसऱ्यात सगळाच तंतू तुटतो. शस्त्रक्रियेवाचून तो जुळत नाही. तंतूंतून विजेचे वहन मोजणारी चाचणी साधारण तीन आठवड्यांनंतर नीट अर्थ देते.

धारदार शस्त्राने स्वच्छ कापलेला तंतू पहिल्या काही दिवसांतच सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवणे उत्तम. मधला भाग नष्ट झाला असेल, तर पोटरीतला संवेदनेचा तंतू काढून जोडतात. त्याने पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडी बधिरता येते, एवढेच. सिंधुदुर्गातून अशा रुग्णाला गोव्यातले बांबोळी किंवा कोल्हापूर गाठावे लागते, म्हणून पुढे पाठवण्याची चिठ्ठी पहिल्याच दिवशी मिळावी. चोळून, मालिश करून तुटलेला तंतू सांधत नाही, आणि त्यात जाणारे आठवडे फार महागात पडतात.

शिवलेला तंतू दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढतो, म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहा महिने. तोवर सांधे आखडू नयेत म्हणून रोज व्यायाम, स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी), आणि बधिर हाताने चुलीवरचे भांडे न धरणे आवश्यक. तंतूविना दीड वर्ष राहिलेला स्नायू बहुधा परत कामाला येत नाही. तेव्हाही मनगट लोंबत असेल, तर शेजारच्या चांगल्या स्नायूची कंडरा वळवून ते उचलता येते.