लॅमिंग्टन रोड ते परळ

७ ऑक्टोबर १९३० रोजी लाहोर कटाच्या खटल्यात भगतसिंग, सुखदेव, राजगुरू यांना फाशी सुनावली गेली. दोनच दिवसांत मुंबईत लॅमिंग्टन रोड पोलीस ठाण्यासमोर मोटारीतून गोळ्या सुटल्या आणि एक गोरा सार्जंट व त्याची पत्नी जखमी झाली. त्या मोटारीत दुर्गादेवी व्होरा होत्या, क्रांतिकारकांच्या दुर्गाभाभी. पती भगवतीचरण त्याच वर्षी मे महिन्यात रावीकाठी बॉम्बची चाचणी घेताना गेले होते.

दोन वर्षांपूर्वी याच दुर्गाभाभींनी भगतसिंगांना लाहोरमधून सुखरूप बाहेर काढलं होतं, तेही त्यांची पत्नी बनून. सोबत लहानगा मुलगा आणि नोकराच्या वेशात आपले खेडचे राजगुरू. लेकुरवाळ्या बाईकडे पोलीस संशयाने पाहत नसत, हीच त्या वेषांतराची ताकद होती. मुंबईत मात्र त्या कुणाच्या आडोशाला नव्हत्या.

पण त्या गोळीबाराकडे सुटं पाहू नये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी चौपाटीवर मिठाचा कायदा मोडला होता. मग विदेशी कापडाच्या दुकानांसमोर बायकांची निदर्शनं सुरू झाली. घरंदाज बाई रस्त्यावर येऊन अटक करवून घेते, हे गिरगावच्या चाळींनी तेव्हाच पचवलं. माझ्या मते पिस्तुलाइतकंच, कदाचित जास्तच, हे महत्त्वाचं.

पुढे १९४३मध्ये सिंगापूरला आझाद हिंद फौजेत डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांची राणी झाशी रेजिमेंट उभी राहिली. तिच्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांतल्या तमिळ मजूरणी मोठ्या संख्येने होत्या, हे आपण सहसा विसरतो.

फेब्रुवारी १९४६मध्ये मुंबईत 'तलवार' या ब्रिटिशांच्या नौदल तळावरच्या नौसैनिकांनी बंड केलं. हत्यारं त्यांच्याकडे होती; पाठिंब्याला उतरलेल्या गिरणगावाकडे दगडांपलीकडे काही नव्हतं. लष्कराच्या गोळीबारात शहरात दोनशेहून अधिक माणसं मेली. परळमध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे ठार झाल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. सोबत असलेल्या अहिल्या रांगणेकर बचावल्या. त्यांनी १९४३मध्येच परळ महिला संघ काढला होता. पुढे त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या आणि १९७७मध्ये लोकसभेतही.