जलकासवांचे नेत्रविकार व निवाऱ्याची निगा (ग्रामीण विदर्भ)

पाळीव गोड्या पाण्यातील कासवांच्या पापण्या सुजणे, डोळे मिटलेले राहणे, पापणीखाली पांढरट खपली किंवा घट्ट पू साठणे अशा लक्षणांचा समूह. विकाराचे मूळ बहुधा खाद्य, पाणी आणि ऊन यांच्या उणिवेत सापडते, त्यामुळे निवाऱ्याचा विचार केल्याशिवाय या विकाराचे वर्णन पुरे होत नाही. कासव भक्ष्य मुख्यतः नजरेने हेरते. डोळे मिटले की ते खाणे सोडते आणि अशक्तपणाने मूळ दोष आणखी वाढतो.

विदर्भात दोन प्रकारची कासवे माणसाच्या सहवासात आढळतात. पाणी स्वच्छ राहते या समजुतीने विहिरीत कासव सोडण्याची रीत जुनी आहे. त्यासाठी ओढ्या-तलावांतील स्थानिक जाती वापरल्या जात. काचेच्या टाकीत वा प्लॅस्टिकच्या टपात वाढवले जाणारे लहान हिरवे कासव मात्र बाहेरचे आहे. कानाजवळ लाल पट्टा असलेली ही जात (ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलिगन्स) मूळची अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्याची असून रंगीत माशांच्या व्यापारातून ती नागपूर-अमरावतीसारख्या शहरांत आणि तेथून तालुक्याच्या गावी पोहोचली असावी. नेत्रविकाराची तक्रार मुख्यतः हिच्याच पिलांत दिसते.

कारणमीमांसा : याबाबत एकमत नाही. एल्कन व झ्वार्ट यांनी १९६७ मध्ये कासवाच्या पिलांतील नेत्रविकाराचा संबंध जीवनसत्त्व अ च्या अभावाशी जोडला. या अभावात अश्रुग्रंथी व हार्डर ग्रंथी (डोळ्याला ओलावा देणारी दुसरी ग्रंथी) यांच्या नलिकांचे नाजूक अस्तर बदलून चपट्या, केराटिनयुक्त (नखासारख्या कठीण द्रव्याच्या) पेशींचे होते. गळालेल्या पेशींनी नलिका तुंबतात, ग्रंथी फुगतात आणि पापण्या बाहेर येतात. जंतुसंसर्ग त्यानंतरचा मानला जातो. अंड्यातील बलकातून मिळालेला जीवनसत्त्वाचा साठा काही महिने पुरत असल्याने नवे पिलू सुरुवातीला ठणठणीत दिसते.

दुसऱ्या मतानुसार घाणेरडे पाणी हेच पहिले कारण होय. विष्ठा व उरलेले खाद्य कुजून तयार होणारा अमोनिया डोळ्यांना चुरचुरतो आणि एरोमोनास, स्यूडोमोनास यांसारख्या जंतूंना वाट मिळते. निदानाची अडचणही येथेच आहे. जिवंत कासवात यकृतातील साठा मोजणे अवघड. रक्तातील प्रमाणावरून त्याचा नीट अंदाज येत नाही. जीवनसत्त्व दिल्यावर सूज उतरली हा पुरावाही कच्चा ठरतो, कारण आजारी कासवाचे पाणी आणि खाद्यही पाळणारा त्याच सुमारास सुधारतो. दोन्ही कारणे एकमेकांना बळ देतात हे मत अधिक ग्राह्य वाटते. एक वर्षाखालील, केवळ सुक्या झिंग्यांवर वाढलेल्या पिलात मात्र अभावाचा संशय आधी घ्यावा.

अमेरिकेतील बॉक्स टर्टल या रानकासवांत कानाचे गळू, ऑर्गॅनोक्लोरीन कीटकनाशकांचे अवशेष व जीवनसत्त्व अ ची घट यांचा परस्परसंबंध २००१ मध्ये सुचवण्यात आला. कापूसपट्ट्यातील शेततळ्याचे पाणी किंवा ओढ्यातील मासळी वापरताना हे ध्यानात ठेवावे. तथापि आज फवारणीत येणारी बहुतेक औषधे वेगळ्या गटांतील असल्याने तो निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येत नाही.

निवारा : कवचाच्या दर अडीच सेंमी. लांबीमागे सुमारे ४० लि. पाणी हा प्रचलित ठोकताळा आहे. पाणी २४–२८° से., पूर्ण कोरडे होता येईल असा दगड वा फळी आणि त्या जागी ३०–३५° से. ऊब अपेक्षित असते. कासवाला उन्हातून हवे असलेले जंबुपार-ब (अतिनील, यूव्ही-बी) किरण काचेतून जात नाहीत. खिडकीतल्या टाकीला मिळणारे ऊन त्या दृष्टीने उपयोगाचे नसते. सकाळचे कोवळे ऊन थेट द्यावे, शेजारी सावली ठेवावी. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत उन्हाळ्यात पारा ४५° से.पर्यंत जातो, उथळ टपातील पाणी दुपारी काही वेळातच जीवघेणे तापते. याउलट हिवाळी रात्रीच्या गारठ्यात कासवाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि दबलेला संसर्ग डोके वर काढतो. भारनियमनात गाळणयंत्र बंद पडते. अशा वेळी यंत्रावर विसंबण्यापेक्षा मोठा हौद आणि पाण्याची नियमित अदलाबदल अधिक खात्रीची.

ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) पावडर नुकतीच टाकलेली असेल, तर पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरावे. बोअरच्या जड पाण्याने कवचावर पांढरा क्षार चढतो, तो रोग नव्हे. नव्या सिमेंटच्या हौदातील पाणी चुन्यामुळे तीव्र अल्कधर्मी असते व डोळ्यांना झोंबते. हौद अनेकदा भरून उपसल्यावरच कासव सोडावे.

खाद्य : मुरमुरे, भात, पाव यांवर कासव वाढत नाही. अख्खी लहान मासळी, गांडुळे, अधूनमधून थोडे काळीज, तसेच कोहळे (लाल भोपळा), गाजर, मुंगण्याचा (शेवग्याचा) पाला द्यावा.

उपचार : कोमट सलाइनने डोळे हलक्या हाताने धुणे एवढेच घरी करावे. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पनीरासारखा घट्ट असतो. तो नखाने वा काडीने काढल्यास स्वच्छमंडलाला (बुबुळावरील पारदर्शक पडद्याला) इजा होते. माणसांचे स्टेरॉइडयुक्त थेंब वापरू नयेत. जीवनसत्त्व अ च्या इंजेक्शनची मात्रा जास्त झाल्यास कातडी सोलवटून निघते, म्हणून सौम्य विकारात खाद्यातून पूर्तता करणेच श्रेयस्कर. शेळ्यामेंढ्यांना दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांना घातक आहे. गावच्या दवाखान्यात ते सहज मिळते, त्यामुळे ही बाब पशुधन पर्यवेक्षकाला स्पष्ट सांगावी. कासव वाकडे पोहत असेल वा नाकातून बुडबुडे येत असतील, तर फुप्फुसदाह संभवतो. तेव्हा नागपूर वा अकोला येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित रुग्णालय गाठावे. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. साल्मोनेला या कासवांकडून माणसाला होणाऱ्या जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे.

स्थानिक जातींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. चिखलातले झाकणपाठी कासव (लिसेमिस पंक्टाटा) अनुसूची १ मध्ये येते. ते पाळणे गुन्हा ठरतो. असे कासव आजारी आढळल्यास वन विभागाला कळवावे. नागपूरच्या सेमिनरी हिल्स येथे विभागाचे उपचार केंद्र आहे. लाल पट्ट्याचे कासव नकोसे झाले तरी भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत सोडू नये. जगातील सर्वाधिक उपद्रवी शंभर आक्रमक जातींत त्याची गणना होते आणि केरळ व आसामातील जलाशयांत ते आढळले आहे.