रेकॉर्डिंग सलग होत नाही? कॅमेरा खाली उतरवण्याआधी हे वाचा

मोबाईलवर सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं लाइव्ह चित्र स्वच्छ दिसतं, पण कालचं रेकॉर्डिंग काढायला गेलं की मधले तासच्या तास गायब. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही नेहमीची आहे, आणि बहुतेक वेळा कॅमेरा धडधाकट असतो. लाइव्ह दिसायला वीज आणि नेट पुरतं. रेकॉर्डिंगसाठी मात्र त्याशिवाय कार्ड किंवा हार्ड डिस्क, वेळापत्रकाचं सेटिंग आणि कॅमेऱ्याचं घड्याळ, हे सगळं जागेवर असावं लागतं. म्हणून लाइव्ह चांगलं दिसतंय एवढ्यावरून रेकॉर्डिंगही होतंय असं धरून चालू नका.

लगेच रीसेटचं बटण दाबू नका. रीसेट केल्यावर जुनी सेटिंग्ज जातात आणि नेमकं काय चुकत होतं ते कळायचा मार्गही बंद होतो. आधी ॲपमध्ये किंवा रेकॉर्डरवर प्लेबॅक उघडा, पूर्ण एक दिवस निवडा आणि खालची टाइमलाइन नीट बघा. रंगीत पट्टी कुठे आहे, कुठे तुटली आहे? ती कशी तुटते यावरून निम्मं निदान होतं.

दिवसभर छोटे छोटे तुकडे

दहा-वीस सेकंदांचे तुकडे असतील आणि प्रत्येकात कोणी ये-जा करताना दिसत असेल, तर बिघाड काहीच नाही. कॅमेरा फक्त हालचाल झाल्यावर रेकॉर्ड करतोय. घरगुती वाय-फाय कॅमेऱ्यांपैकी बरेच कारखान्यातून याच सेटिंगवर येतात. ॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज किंवा रेकॉर्डिंग असा भाग असतो, तिथे 'इव्हेंट' ऐवजी 'कंटिन्युअस' किंवा 'चोवीस तास' निवडा. ॲप अपडेट झाल्यावर किंवा कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदलल्यावर हे सेटिंग कधी कधी आपोआप मागे जातं, तेव्हा एकदा केलं होतं म्हणून सोडून देऊ नका.

दोन गोष्टी सेटिंगने सुटत नाहीत. बॅटरीवर चालणारे कॅमेरे बहुधा सलग रेकॉर्डिंग करतच नाहीत. ते झोपलेले असतात आणि हालचाल जाणवली की जागे होतात, नाहीतर बॅटरी टिकणारच नाही. दुसरी गोष्ट क्लाउडची, म्हणजे नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर साठवण्याची. अनेक कंपन्यांच्या साध्या योजनेत फक्त हालचालीच्या क्लिप साठवल्या जातात, सलग रेकॉर्डिंगसाठी वेगळी योजना घ्यावी लागते. तुमची योजना कोणती, ते ॲपमध्येच दिसतं.

दिवसा ठीक, अंधार पडला की तुटक

यात संशय आधी विजेवर घ्या. अंधार झाला की लेन्सभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि कॅमेरा एकदम जास्त करंट ओढतो. ॲडॅप्टर कमी ताकदीचा असेल, किंवा बारीक तारेची लांबलचक यूएसबी वायर जोडली असेल, तर कॅमेऱ्यापर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज उतरतं. कॅमेरा बंद पडतो, पुन्हा चालू होतो, दिवे लागतात, पुन्हा बंद. प्रत्येक वेळी चालू व्हायला जो वेळ जातो, तेवढी फट टाइमलाइनवर दिसते. सकाळी उजाडलं की सगळं सुरळीत, त्यामुळे दिवसा तपासायला येणाऱ्याला काहीच सापडत नाही.

हे घरबसल्या ओळखता येतं. रात्री कॅमेऱ्याजवळ थोडा वेळ उभे राहा. आतून पुन्हा पुन्हा 'टिक' असा बारीक आवाज येत असेल, किंवा फिरणारा कॅमेरा कोणी न सांगता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळून परत जागेवर येत असेल, तर तो रीस्टार्ट होतोय. खात्रीसाठी एका रात्रीपुरता कॅमेरा प्लगजवळ आणा आणि त्याच्यासोबत आलेल्या आखूड वायरवर व मूळ ॲडॅप्टरवर चालवा. फटी गेल्या तर दोष वायरचा किंवा ॲडॅप्टरचा.

ॲडॅप्टर बदलायचा झाला तर जुन्यावरचं लेबल वाचा. व्होल्ट लिहिलेत तेवढेच हवेत, ५ म्हणजे ५ आणि १२ म्हणजे १२. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी चालत नाहीत. घरात पडलेला जुना मोबाईल चार्जर लावणं हा मोह टाळा. पिन बसते म्हणजे पुरेशी वीज मिळते असं नाही.

काही तास किंवा काही दिवस रेकॉर्ड होतं, मग थांबतं

इथे कार्डाकडे बघायचं. आधी थोडा हिशोब. समजा तुमचा कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट डेटा लिहितो. म्हणजे तासाला ९०० मेगाबाइट आणि दिवसाला जवळपास २१.६ गीगाबाइट. ६४ गीगाबाइटचं कार्ड तीन दिवसही पुरत नाही. चित्राचा दर्जा वाढवून ४ मेगाबिट केलात तर दीड दिवसात भरतं. त्यामुळे 'मागच्या आठवड्याचं दिसत नाही' ही तक्रार असेल तर कार्ड लहान आहे, बाकी काही नाही. कॅमेऱ्यात एच.२६५ हा पर्याय (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) असेल तर तो लावा, साधारण तशाच चित्राला एच.२६४ पेक्षा बरीच कमी जागा लागते.

भरल्यावर जुनं पुसून नवं लिहायचं की थांबायचं, हे 'ओव्हरराइट' किंवा 'लूप' नावाच्या सेटिंगवर ठरतं. ते बंद असेल तर कार्ड भरल्या क्षणी रेकॉर्डिंग संपतं आणि लाइव्ह मात्र चालूच राहतं. ॲपमध्ये या सेटिंगसमोर टिकची खूण केली की काम झालं.

सेटिंग बरोबर असूनही थांबत असेल तर कार्ड दमलेलं असण्याची शक्यता मोठी. वरच्याच उदाहरणात ६४ गीगाबाइटचं कार्ड वर्षभरात सुमारे १२० वेळा पूर्ण पुसून पुन्हा लिहिलं जातं. फोटो काढणाऱ्याच्या कॅमेऱ्यात तेच कार्ड वर्षानुवर्षं टिकेल, कारण तिथे एवढं लेखन होत नाही. पाकिटावरचा 'क्लास १०' म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट वेग. आपल्या कॅमेऱ्याला लागतो पाव मेगाबाइट. तेव्हा जास्त वेगाचं महाग कार्ड घेऊन काही साधत नाही. 'हाय एन्ड्युरन्स' असं लिहिलेलं कार्ड घ्या, ते सततच्या लेखनासाठीच बनवलेलं असतं. शेवटाला आलेली काही कार्डं फक्त वाचता येतात, लिहिता येत नाही. अशा कार्डावर फॉरमॅट केल्यासारखं वाटतं, पण जुन्या फाइली पुन्हा तशाच दिसतात.

आणि नकली कार्ड. वर १२८ लिहिलेलं, आत त्याच्या पाव जागाही नाही, पण कॅमेऱ्याला आणि कॉम्प्युटरला ते १२८ च सांगतं. खरी जागा संपल्यावर फाइलींची नावं दिसतात आणि उघडल्यावर चित्र नसतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! शंका आली तर रिकामं कार्ड कॉम्प्युटरला लावून विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' किंवा लिनक्स आणि मॅकवर 'एफ३' चालवा. हे प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतात. वेळ खातात, पण निकाल पक्का असतो.

कार्ड फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्यातूनच, ॲपमधल्या पर्यायाने. मात्र चोरी, अपघात असं काही घडलेलं असेल आणि त्याचं चित्रण हवं असेल, तर आधी कॅमेरा बंद करून कार्ड काढून घ्या आणि फाइली कॉपी करा. फॉरमॅट त्यानंतर.

डीव्हीआर किंवा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण हार्ड डिस्कवर साठवणारा रेकॉर्डर) असेल तर

वेळापत्रकाच्या तक्त्यात सलग रेकॉर्डिंगचा एक रंग असतो, हालचालीचा दुसरा. कोणता कशाचा ते तक्त्याच्या बाजूलाच दिलेलं असतं. सातही दिवस आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा तक्ता वेगवेगळा तपासा, कारण पहिल्या कॅमेऱ्याचं सेटिंग 'कॉपी' करायचं राहून गेलं की बाकीचे कोरेच राहतात. मग हार्ड डिस्कची स्थिती बघा. रेकॉर्डर अधूनमधून बीप देत असेल, किंवा यादीत डिस्क कधी दिसते कधी नाही असं होत असेल, तर आतली केबल ढिली आहे किंवा डिस्क जायला आली आहे. तो उघडू नका, आम्हाला कळवा.

वाय-फाय कॅमेरा एनव्हीआरला जोडलेला असेल तर रेंज गेली की रेकॉर्डिंगही जातं. क्लाउडचंही तेच. कार्डावर लिहिणाऱ्या कॅमेऱ्याला नेटची गरज बहुधा पडत नाही, म्हणून राउटर लांब असलेल्या जागी आम्ही कार्ड टाकायचा आग्रह धरतो.

पूर्ण दिवसच रिकामा

कॅलेंडरमध्ये मागे जाऊन १९७० किंवा २००० सालाखाली काही सापडतं का बघा. वीज गेल्यावर घड्याळ मागे गेलं की रेकॉर्डिंग होतं, पण चुकीच्या तारखेला जमा होतं. डीव्हीआरमध्ये यासाठी नाण्याएवढा सेल असतो, तो संपला की असं होतं. सेटिंगमध्ये वेळ नेटवरून घेण्याचा पर्याय चालू करा आणि टाइमझोन तपासा. ॲपमधला 'प्रायव्हसी' किंवा 'स्लीप' मोडही पाहून घ्या. घरातल्या कोणीतरी तो लावलेला असतो आणि बाकीच्यांना पत्ता नसतो.

आम्हाला कळवताना

तुटलेल्या टाइमलाइनचा स्क्रीनशॉट, ॲडॅप्टरवरच्या लेबलचा फोटो आणि कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. फट कधी सुरू झाली तेही लिहा: नवी वायर टाकल्यापासून, राउटर बदलल्यापासून की ॲप अपडेट झाल्यापासून. एवढं हातात असलं की बऱ्याचदा फोनवरच काम होतं, आणि यावं लागलंच तर योग्य तो ॲडॅप्टर किंवा कार्ड सोबत घेऊन येता येतं.